पळायला जायचं, पण कुणाच्या गावाला?

आमच्या आर्वीच्या महिला गटात गेले दोन महिने एका वेगळ्याच विषयावर वाद चालू आहे. दारू, पोटगी, रेशनकार्ड, बचतगटाचं कर्ज हे आमचे नेहमीचे विषय. या वेळचा विषय आहे सहल, तीही परदेशातली आणि पळण्यासाठी. गटातली एक मैत्रीण माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे. गेली चार वर्षं ती पहाटे पळते. एका गटाबरोबर तिला येत्या जूनमध्ये दक्षिण आफ्रिकेला जायचं आहे. तिथे डर्बन आणि पीटरमारिट्झबर्ग या दोन शहरांच्या दरम्यान ‘कॉम्रेड्स’ नावाची शर्यत होते. अंतर जवळजवळ ९० किलोमीटर, वेळ बारा तास. भारतातून दर वर्षी शेकडो माणसं या शर्यतीला जातात. त्यात महाराष्ट्रातले बरेच असतात.

सहल दहा दिवसांची आहे. शर्यत संपल्यावर पुढचे दिवस ‘स्थानिक संस्कृतीचा जवळून अनुभव’ असं माहितीपत्रकात छापलं आहे. म्हणजे झुलू गावात नाच आणि जेवण, जंगलात प्राणी बघणं, समुद्रकिनारा, आणि गांधीजींना ज्या स्टेशनवर गाडीतून उतरवलं त्या स्टेशनावर फोटो. खर्च तीन लाखांच्या घरात.

बैठकीत यावर जे बोललं गेलं ते तुमच्याही गटात बोललं जाईल. घर कोण बघणार? सासू आजारी असताना बाईनं असं जावं का? तीन लाखांत गटाचं वर्षभराचं काम होईल. एक जण म्हणाली, हे शहरातल्या खात्यापित्या बायकांचं खूळ आहे. आणि कापूस वेचायला जाणारी एक मावशी म्हणाली, “आमी तं जलमभर पळूनच रायलो बाई. आमाले कोनं मेडल देल्लं?” सगळ्या हसल्या. मग कोणी फारसं बोललं नाही. त्या दिवशी जे बोलायचं राहिलं ते लिहिते आहे.

माझं मत आधी सांगून टाकते. मैत्रिणीनं जावं, आणि त्यासाठी तिनं कुणालाही कारण देऊ नये. पण ‘स्थानिक संस्कृती’ या नावाखाली तिला जे दाखवलं जाणार आहे त्याबद्दल आपण सगळ्यांनी प्रश्न विचारले पाहिजेत. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. बैठकीत त्यांची गल्लत झाली.

बाहेर पडायला कारण लागतं

आर्वीपासून वर्धा नदी ओलांडली की कौंडण्यपूर. रुक्मिणीचं माहेर. तिथून आषाढीसाठी पंढरपूरला जाणारी रुक्मिणीची पालखी चारशे वर्षांहून जुनी आहे. आपल्या भागातल्या कितीतरी बाया या पालखीबरोबर महिनाभराहून जास्त पायी चालतात. उघड्यावर झोपतात, मिळेल ते खातात, परक्या गावांतल्या परक्या बायांशी बोलतात. त्यांना कोणी विचारत नाही की घर कोण बघणार. उलट निघताना पाया पडतात. देवाचं नाव घेतलं की बाईला शेकडो मैल मोकळे होतात.

आता आठवून बघा, आपल्या ओळखीच्या बायका कोणकोणत्या कारणांनी मुक्कामाला घराबाहेर जातात. देव, लग्न, बाळंतपण, मयत. नोकरी करणारी असेल तर ट्रेनिंग किंवा निवडणुकीची ड्यूटी. ‘मला जावंसं वाटतं’ हे कारण या यादीत नाही. मैत्रिणीच्या नवऱ्याचे दोस्त दर वर्षी चार-आठ दिवस कुठे ना कुठे जातात. कुणाच्या आईच्या आजाराची चर्चा त्या वेळी होत नाही, पैशाचीही होत नाही.

प्रश्न पैशांच्या आधी वेळेचा आहे. केंद्र सरकारने २०१९ साली लोक दिवसाचा वेळ कसा घालवतात याची पाहणी केली होती. घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाची सरासरी २९९ मिनिटं निघाली. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची ९७ मिनिटं. २०२४ साली तीच पाहणी पुन्हा झाली. बायकांची मिनिटं २८९ झाली, पुरुषांची ८८. म्हणजे बाईची दहा मिनिटं कमी झाली ती पुरुषानं हात दिला म्हणून झालेली नाहीत, त्याचीही कमीच झाली. नव्वद किलोमीटर पळायचं तर आठवड्याला आठ-दहा तास सराव लागतो. हे तास बाई कुठून आणते? झोपेतून. आमची मैत्रीण साडेतीनला उठते, कणीक मळून, भाजी फोडणीला टाकून मग बूट घालते. तिच्या बरोबरीचे पुरुष उठतात आणि बूट घालतात.

त्यात गावातला रस्ता. पहाटे पाच वाजता आर्वीच्या रस्त्यावर एकटी पळणारी बाई म्हणजे मोटरसायकलवाल्यांना करमणूक. दिवे निम्मे बंद, कुत्री मोकळी. मैदानात बाईसाठी मुतारी नाही. ही यादी तुमच्या गावालाही लागू पडेल.

आणि बाईनं पळू नये हा आग्रह फक्त आपल्याकडचा नव्हे. १९२८ सालच्या ऑलिम्पिकमध्ये बायकांची ८०० मीटरची शर्यत पहिल्यांदा झाली. काही जणी शेवटी दमलेल्या दिसल्या एवढ्या कारणावरून ती बंद केली ती १९६० पर्यंत. दमलेले पुरुष त्या आधी आणि नंतरही दिसतच होते. १९६७ साली बॉस्टनच्या मॅरेथॉनमध्ये कॅथरिन स्विट्झर हिनं नावाची आद्याक्षरं लिहून नोंदणी केली आणि पळायला उतरली. आयोजकांपैकी एकानं रस्त्यावर तिला धरून बाहेर ओढायचा प्रयत्न केला. त्या शर्यतीत बायकांना रीतसर प्रवेश मिळाला १९७२ साली. ऑलिम्पिकमध्ये बायकांची मॅरेथॉन सुरू व्हायला १९८४ उजाडावं लागलं. बायकांचं शरीर एवढं अंतर झेपू शकत नाही, गर्भाशयाला इजा होईल, असं शिकलेली माणसं सांगत होती. हेच शरीर त्या काळातही डोक्यावर पाणी, पाठीवर मूल आणि हातात मोळी घेऊन कोसच्या कोस चालत होतं. त्याबद्दल कुणा तज्ज्ञाला काळजी वाटली नाही.

कॉम्रेड्सचीच गोष्ट घ्या. पहिल्या महायुद्धात मेलेल्या सैनिकांच्या आठवणीसाठी ती १९२१ साली सुरू झाली. १९२३ साली फ्रान्सेस हेवर्ड या बाईचा अर्ज नाकारला गेला. ती तरीही पळाली आणि शर्यत पूर्ण केली, पण नोंद झाली नाही. १९३५ साली रॉबर्ट म्त्शाली हा काळा माणूस असाच नोंदीशिवाय पळाला. बायका आणि काळी माणसं या दोघांनाही रीतसर परवानगी मिळाली ती एकाच वर्षी, १९७५ साली. चोपन्न वर्षं ही शर्यत कागदोपत्री फक्त गोऱ्या पुरुषांची होती. माहितीपत्रकात शर्यतीचा ‘गौरवशाली इतिहास’ आहे, त्यात हे नाही.

आपल्या राज्यात सावरपाड्याची कविता राऊत, माणदेशातल्या मोहीची ललिता बाबर अशा दुष्काळी, आदिवासी भागांतल्या मुली देशासाठी पळाल्या. ललिता २०१६ च्या ऑलिम्पिकमध्ये अडथळ्यांच्या शर्यतीच्या अंतिम फेरीपर्यंत गेली. त्यांचे सत्कार आपण करतो. पण चाळिशीची, दोन मुलांची आई असलेली शिक्षिका पदकासाठी नाही तर स्वतःसाठी पळायचं म्हणते तेव्हा आपल्यालाच अवघड होतं. देशाचं नाव काढणारी बाई चालते, देवाचं नाव घेणारी चालते, स्वतःचं नाव घेणारी चालत नाही.

तीन लाखांचं काय?

मावशीच्या बोलण्याकडे मात्र हसून दुर्लक्ष करता येणार नाही. बारामतीच्या शर्यतीत साठी ओलांडलेल्या लता करे नऊवारी नेसून अनवाणी पळाल्या आणि जिंकल्या, हे तुम्हाला आठवत असेल. नवऱ्याच्या तपासण्यांसाठी पैसे नव्हते म्हणून त्या पळाल्या होत्या. पुढे त्यांच्यावर चित्रपट निघाला आणि त्यात त्यांनी स्वतःच काम केलं. एक बाई पळण्यासाठी तीन लाख भरते, दुसरी औषधपाण्यासाठी बक्षिसाच्या काही हजारांमागे पळते. दोघी बाया आहेत म्हणून दोघींचं पळणं एक होत नाही. आपली चळवळ जेव्हा जेव्हा हे विसरली तेव्हा तेव्हा कष्टकरी बायका आपल्यापासून दूर गेल्या.

पण मग या फरकाचा हिशेब कुणी चुकवायचा? मैत्रिणीनं चार वर्षं स्वतःच्या पगारातून पैसे बाजूला टाकले. ते तिनं गटाला द्यावेत असं म्हणणं म्हणजे बाईची कमाई तिची नाहीच, ती नेहमी कुणाच्या तरी नावावर लागलेली असते, असं म्हणणं. त्याच पैशाचं तिनं सोनं केलं असतं किंवा मुलीच्या लग्नासाठी ठेवले असते तर एकीनंही तोंड उघडलं नसतं. गरीब बाईला औषध मिळालं पाहिजे ही मागणी सरकारी दवाखान्याकडे आणि सरकारकडे करायची आहे. ती शेजारच्या मास्तरणीच्या बुटांकडे बघून करायची नाही.

परदेशी जाण्यातल्या अडचणीसुद्धा सगळ्या पैशाच्या नसतात. डिसेंबर २०१६ पासून पासपोर्टसाठी लग्नाचा दाखला लागत नाही, घटस्फोटितेला नवऱ्याचं नाव द्यावं लागत नाही. हा बदल आपल्यातल्या कितीतरी जणींना आजही माहीत नाही. अजूनही बायका नवऱ्याच्या ‘हो’ची वाट बघत पासपोर्टचा अर्ज करत नाहीत. व्हिसासाठी बँकेच्या खात्याचे कागद मागतात. जन्मभर घरात आणि वावरात राबलेल्या बाईच्या नावे खातं असतं, पण त्यात दाखवण्यासारखं काही नसतं. जगात कुठे जाता येईल हे असं घरातच ठरून गेलेलं असतं.

बघणारे आणि ज्यांना बघतात ते

आता माहितीपत्रकातल्या ‘स्थानिक संस्कृती’कडे येते. हा शब्द आपल्या जिल्ह्याला नवा नाही. फक्त आपण त्याच्या दुसऱ्या टोकाला असतो. सेवाग्राम आणि पवनारमुळे वर्ध्याला देशोदेशीचे पाहुणे येतात. त्यांना खेडं दाखवायचं असतं. मी या कामात आल्यापासून असे पाहुणे अनेकदा पाहिले आहेत. बचतगटाच्या बायकांना निरोप जातो, चांगली लुगडी नेसून या. दारात रांगोळी, ओवाळणं, कुंकू. जात्यावर बसून दाखवा, ओवी म्हणा. जातं तर गिरणी आल्यापासून कोपऱ्यात पडलेलं असतं. बायकांची त्या दिवसाची मजुरी बुडते. पाहुणे नमस्कार करतात, फोटो काढतात आणि पाणी बाटलीतलं पितात. कुणी विचारत नाही की बाई, हे घर कुणाच्या नावावर आहे?

त्याहून कठीण प्रकार आत्महत्या झालेल्या शेतकऱ्यांच्या घरी होतो. तिथेही बघायला माणसं येतात. गेल्या वीसेक वर्षांत एकेका विधवेनं आपल्या नवऱ्याच्या मरणाची गोष्ट किती अनोळखी माणसांना सांगितली असेल! ऐकणारे हळहळतात, लिहून घेतात, जातात. सातबारा सासऱ्याच्या किंवा दिराच्या नावे असतो तो तसाच राहतो. एका ताईनं मला विचारलं होतं, “आमच्या घराले काय लोकायनं म्युझियम समजलं काय?”

ज्यांनी हे अनुभवलं आहे त्यांना झुलू गावातल्या नाचाबद्दल वेगळं सांगायला नको. तिथे आपल्यासमोर नाचणारी मुलगी कुणासाठी नाचते, तिला किती पैसे मिळतात, बस निघून गेल्यावर ती कोणते कपडे घालते आणि कुठे कामाला जाते, हे प्रश्न आपल्याला सुचले पाहिजेत. ते आपल्याला इतरांपेक्षा लवकर सुचायला हवेत, कारण आपण त्या जागी उभ्या राहिलो आहोत.

त्या रस्त्यावरून गेलेल्या बाया

पीटरमारिट्झबर्गच्या स्टेशनवर ७ जून १८९३ च्या रात्री गांधींना गाडीतून उतरवलं, हे आपल्या जिल्ह्यातल्या प्रत्येक पोराला माहीत आहे. सहलीत ते स्टेशन आहे. पण त्याच गावाच्या तुरुंगात कस्तुरबांनी सक्तमजुरी भोगली, हे वर्ध्यातसुद्धा किती जणींना माहीत आहे?

मार्च १९१३ मध्ये तिथल्या एका न्यायाधीशानं निकाल दिला की ख्रिस्ती पद्धतीने न झालेली लग्नं कायद्यात धरली जाणार नाहीत. एका निकालाने हजारो हिंदी बायका कायद्याच्या दृष्टीने रखेल ठरल्या आणि त्यांची मुलं अनौरस. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात फिनिक्स आश्रमातून सोळा जणांची पहिली तुकडी परवान्याशिवाय प्रांताची हद्द ओलांडून अटक करून घ्यायला निघाली. त्यात कस्तुरबा धरून चार बायका होत्या. प्रत्येकीला तीन महिन्यांची सक्तमजुरी झाली. कस्तुरबा सुटल्या तेव्हा अंगावर मांस राहिलं नव्हतं. याच लढ्यात वालिअम्मा नावाची सोळा वर्षांची तमिळ मुलगी तुरुंगातून ताप घेऊन बाहेर आली आणि २२ फेब्रुवारी १९१४ रोजी गेली. गांधी नावाच्या माणसाची ही कथा नेहमी स्टेशनपाशी सुरू होते. तिच्यात या बायका कुठे येतात ते तपासून बघा.

लढ्याची ठिणगीही बायकांनीच न्यूकॅसलच्या कोळसा खाणींपर्यंत नेली. ट्रान्सवालहून आलेल्या अकरा जणींनी, त्यातल्या बहुतेक तमिळ, खाणमजुरांना काम बंद करायला सांगितलं. ६ नोव्हेंबर १९१३ ला हद्द ओलांडायला जो जथा निघाला त्यात २,०३७ पुरुष, १२७ बायका आणि ५७ मुलं होती. वाटेत दोन तान्ही मुलं दगावली. एक थंडीवाऱ्यानं, दुसरं ओढा ओलांडताना आईच्या हातून निसटून पाण्यात पडलं. त्या आया चालत राहिल्या. नव्वद किलोमीटर पळणाऱ्यांना मी कमी लेखत नाही. पण त्या प्रदेशात जाऊन पायांच्या ताकदीची गोष्ट करायची तर या १२७ जणींना टाळून करता येणार नाही.

त्या आल्या होत्या कुठून? १८६० पासून १९११ पर्यंत दीड लाखांवर माणसं हिंदुस्थानातून नाताळात कराराच्या मजुरीवर नेली गेली, मुख्यतः उसाच्या मळ्यांसाठी. शंभर पुरुषांमागे चाळीस बायका न्यायच्या असा नियम होता. बायकांना मजुरी पुरुषांच्या निम्मी, शिधाही कमी. करार संपल्यावर तिथेच राहायचं तर वर्षाला तीन पौंड कर, आणि तो तेरा वर्षांवरच्या मुलींवरसुद्धा. ऊस आणि बाई हे नातं आपल्याला नवं नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयं काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात गाजला होता. पाळी आली तरी खाडा परवडत नाही, हे त्यामागचं एक कारण होतं.

मात्र तिथे जाऊन फक्त आपल्या लोकांचा इतिहास बघून येणं हेही अर्धवटच. त्याच १९१३ साली ब्लूमफाँटेनच्या काळ्या बायका पास बाळगण्याच्या सक्तीविरुद्ध रस्त्यावर उतरल्या आणि तुरुंगात गेल्या. एका देशात, एका वर्षात बायकांचे दोन लढे झाले, आणि ते एकमेकांना मिळाले नाहीत. मिळायला पुढे चाळीस वर्षं लागली. ९ ऑगस्ट १९५६ ला प्रिटोरियात सरकारच्या दारी वीस हजार बायका जमल्या त्यात काळ्या, गोऱ्या, हिंदी, मिश्रवर्णी अशा सगळ्या होत्या. त्यांच्या संघटनेच्या उभारणीत डर्बनच्या फातिमा मीर यांच्यासारख्या हिंदी वंशाच्या बायकाही होत्या. तो दिवस आज तिथे महिला दिनाची सुट्टी म्हणून पाळतात.

आमच्या दारूबंदी समितीच्या बायकांना तर मी कॅटो मॅनरची गोष्ट मुद्दाम सांगते. डर्बन शहराला लागून असलेली ही वस्ती. काळ्या बायका घरी बिअर गाळून विकायच्या आणि त्यावर मुलं वाढवायच्या. नगरपालिकेनं घरची बिअर बेकायदा ठरवली आणि स्वतःचे गुत्ते काढले. त्या नफ्यातून काळ्या लोकांच्या वस्त्यांचा कारभार चालायचा. नवऱ्याचा पगार गुत्त्यात जायचा आणि पोलीस घरातली बिअर ओतून द्यायचे. जून १९५९ मध्ये या बायका काठ्या घेऊन नगरपालिकेच्या गुत्त्यांत शिरल्या, पुरुषांना हाकलून लावलं आणि दारू सांडून टाकली. आपला जिल्हा सत्तरच्या दशकापासून कागदावर दारूबंदीचा आहे. गाळणारी बाईच, मार खाणारीही बाईच, आणि पैसा भलतीकडे, हे गणित आपल्याला पाठ आहे. कॅटो मॅनरच्या बायकांशी आपल्या बायका बोलल्या तर दुभाष्या लागेल, पण समजावून सांगावं लागणार नाही. माझ्या दृष्टीने स्थानिक संस्कृती म्हणतात ती ही.

चँपियनांच्या गावात

अशीच दुसरी सहल हल्ली केनियातल्या इटेन गावी निघते. चोवीसशे मीटर उंचीवरचं हे गाव पळणाऱ्यांचं पंढरपूर समजलं जातं. तिथल्या मातीच्या रस्त्यांवर तिथल्या खेळाडूंबरोबर पळायचं, उगाली खायची, त्यांचं साधं जगणं अनुभवायचं, अशी जाहिरात असते. त्याच इटेनमध्ये ॲग्नेस टिरोप राहायची. सप्टेंबर २०२१ मध्ये तिनं दहा किलोमीटरचा, फक्त बायकांच्या शर्यतीतला जागतिक विक्रम केला. महिनाभरात ती राहत्या घरात भोसकलेली सापडली. खुनाचा आरोप नवऱ्यावर आहे. युगांडाची रेबेका चेप्टेगेई ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिसच्या ऑलिम्पिकमध्ये मॅरेथॉन पळाली. १ सप्टेंबरला केनियातल्या तिच्या घरी पूर्वीच्या जोडीदारानं तिच्यावर पेट्रोल ओतून पेटवलं. ती ५ सप्टेंबरला गेली. वाद जमिनीचा होता, असं तिच्या घरच्यांनी सांगितलं. पळण्याच्या कमाईतून घेतलेल्या जागेवर तिनं घर बांधलं होतं.

आपल्याच जिल्ह्यात हिंगणघाटला फेब्रुवारी २०२० मध्ये कामावर निघालेल्या तरुण प्राध्यापिकेला भर रस्त्यात पेट्रोल टाकून जाळलं, हे आपण विसरलेलो नाही. कमावणारी, नाही म्हणणारी, स्वतःच्या नावावर काही असलेली बाई सहन न होणं ही संस्कृती तिकडचीही आहे आणि इकडचीही. शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्तीत आपल्या भागातल्या नवऱ्यांनी बायकोच्या नावे जमिनी केल्या, त्याला आता तीस वर्षांहून जास्त झाली. आज गावोगावचे सातबारे काढून बघितले तर काम किती उरलं आहे ते कळेल. ॲग्नेसच्या मागे तिथल्या खेळाडूंनी तिच्या नावाने गट काढला. तो छळ होणाऱ्या मुलींना आधार देतो. इटेनला जाऊन मातीवर पळून आलेल्या किती जणांनी त्या गटाचा पत्ता विचारला असेल?

परवानगी आणि प्रश्न

इथे एक धोका आहे. ‘जा, पण समाजकार्य करून ये’ असं आपण म्हणू लागलो तर आपणही तिला कारणच चिकटवतो आहोत. वारीला देव, तशी सहलीला चळवळ. पुरुषांना कोणी असं सांगत नाही. म्हणून मी स्पष्ट म्हणते, मैत्रिणीच्या जाण्याला आमच्या गटाची कसलीही अट नको. ती नुसती पळून, समुद्रात पाय बुडवून, हसत परत आली तरी तिला जाब विचारायचा नाही.

प्रश्न आहेत ते सहल काढणाऱ्यांना, आणि त्या बसमध्ये बसणाऱ्या सगळ्यांना, पुरुषांनाही. ज्या गावात नेता त्या गावाला एकूण पैशातले किती मिळतात, आणि बाईच्या हातात किती पडतात? वाट दाखवणारी स्थानिक बाई का नाही? नाचाऐवजी एखाद्या महिला संघटनेबरोबर अर्धा दिवस, त्यांना सोयीच्या वेळी, त्यांच्या वेळेचे पैसे देऊन का बसू नये? स्टेशन दाखवता तसा तुरुंग का दाखवत नाही? फोटो काढण्याआधी विचारलं जाईल का? बायकांना निवासाची, रात्रीच्या प्रवासाची, त्रास झाला तर तक्रारीची काय सोय आहे, आणि ती लेखी आहे का? तीन लाख भरणाऱ्याला हे विचारायचा हक्क आहे. हे प्रश्न लिहून मैत्रिणीनं आयोजकांना पाठवले आहेत. उत्तर आलेलं नाही.

आमच्या गटापुरतं आम्ही आणखी दोन गोष्टी ठरवल्या आहेत. एक, नगरपरिषदेकडे अर्ज: मैदानाभोवतीचे दिवे, बायकांसाठी मुतारी, आणि पहाटे पाच ते सात पोलिसांची फेरी. त्यावर पळणाऱ्या सात जणींच्या आणि न पळणाऱ्या साठ जणींच्या सह्या आहेत. पहिला अंगठा मावशीचा आहे. दोन, आमच्या गावी पाहुणे आले की लुगडी, ओवाळणं बंद. बसायचं ते सतरंजीवर सगळ्यांनी सारखं, मजुरी बुडाली तर ती पाहुण्यांनी भरायची, आणि त्यांनी दोन प्रश्न विचारले की आम्हीही त्यांना दोन विचारायचे. घर कुणाच्या नावावर आहे, आणि घरी स्वयंपाक कोण करतं.

जूनचा दुसरा आठवडा म्हणजे आपल्याकडे मिरगाची घाई. आमची मैत्रीण त्या वेळी डर्बनच्या चढावर असेल आणि मावशी सरकीच्या तासावर. या दोघी एकमेकींना काय सांगतील ते मी सांगू शकत नाही. पण बोलायला दोघी एका सतरंजीवर बसतील एवढी काळजी गटानं घ्यायची आहे. तुमच्या गटात अशी कुणी बाहेर पडली असेल, पळायला, चढायला, नुसती हिंडायला, तर तिला घरानं, गावानं आणि तुम्ही काय विचारलंत ते जरूर लिहून पाठवा.